रायफलची नळी घासावी की नाही

रायफल हातात धरायची हौस माझी नव्हतीच. हौस मुलीची होती. ती अकरावीत गेली तेव्हा तिच्या मैत्रिणींनी तिच्या डोक्यात भरवलं की नेमबाजी आली तर पुढं भरतीत उपयोग होतो. दिग्रसच्या बाहेर, जिनिंगच्या पलीकडं, नेमबाजीचा एक लहानसा क्लब आहे हे मला तोवर माहीतसुद्धा नव्हतं. आमचा तांडा तिथून स्कूटीनं वीस मिनिटांवर. मुलीला पहिल्या दिवशी एकटीनं पाठवायचं नाही, असं तिच्या वडलांनी ठरवलं आणि स्वतः कपाशीच्या फवारणीला निघून गेले. मग मी गेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा बरोबर घेतला, म्हटलं ती शिकेल तोवर आपलं काम होईल.

क्लब म्हणजे एक पत्र्याची शेड, शेडच्या पुढं पन्नास मीटर मोकळी जागा आणि त्या टोकाला मातीचा उंच बांध. बांधासमोर लाकडी चौकटी, चौकटींवर कागदाची कार्डं, कार्डावर एकात एक वर्तुळं. मधल्या वर्तुळाला दहा गुण, बाहेर जावं तसे नऊ, आठ, सात. सगळ्यांत मिळून एक जुनी पॉइंट टू-टूची रायफल.

शिकवायला एक निवृत्त सुभेदार होते. आमच्याच समाजाचे, पलीकडच्या तांड्यातले. माझ्या आईच्या कुळातले निघाले, म्हणून पहिल्या दिवसापासून ते माझे मामा झाले. उंच, सडपातळ, आणि अंगातला शर्ट नेहमी इतका कडक इस्त्रीचा की वाऱ्यानं हलायचा नाही. दुसरे क्लबचे सेक्रेटरी. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात तीन पिढ्या कचेरी आणि कोर्टातच गेलेल्या. रायफलचा परवाना, काडतुसांचं कपाट, सगळे कागद त्यांच्या ताब्यात. त्यांना सगळे काका म्हणायचे, सुभेदारही.

मुलीनं चार रविवार काढले. पाचव्या रविवारी म्हणाली, "याडी, मले कंटाळा येते. नुसतं पालथं पडून राहा, श्वास धरा, अन् पुन्हा पालथं पडून राहा. मी खो-खोतच बरी." आई म्हणून मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण दुसऱ्या रविवारी सुभेदारांनी मला सहज विचारलं होतं, "बाई, वह्या तपासून राह्यल्या तं एक गोळी मारून पाहता का?" आणि मी मारली होती. ती गोळी कार्डावर कुठं लागली ते आता सांगत नाही, पण लागली होती कार्डावरच. सहाव्या रविवारी मी एकटीच स्कूटीवर बसले. नवऱ्यानं विचारलं, "आता तू कायले जातेस?" मी म्हटलं, "वह्या तपासाले."

बेचाळिसाव्या वर्षी पालथं झोपून रायफल खांद्याला लावणं ही काही साधी गोष्ट नाही. पहिले दोन महिने कोपरं सोलून निघाली. पण एकदा श्वास अर्धा सोडला, बोट घोड्यावर हळूच दाबलं आणि काळा ठिपका स्थिर झाला, की डोक्यातली शाळा, पोषण आहार, ऑनलाइन भरायची माहिती, सगळं एका क्षणासाठी थांबायचं. त्या एका क्षणासाठी मी आठवडाभर वाट पाहायला लागले. नेमही जमू लागला. हिवाळ्यात यवतमाळला जिल्ह्याची स्पर्धा होती, तिथं महिलांच्या गटात सुभेदारांनी माझं नाव दिलं.

आता मुख्य गोष्ट सांगते. सुभेदारांचा एक नियम होता: रायफल वापरली की घासायची, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी तर अशी घासायची की नळीतून पाहिलं तर पलीकडचं आभाळ चमकलं पाहिजे. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला कापडाची चिंदी. वजन नळीत सोडायचं, पलीकडून दोरी ओढायची, चिंदी नळी पुसत बाहेर येते. चिंदी पांढरी बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. ते म्हणायचे, "फौजेत आमच्या उस्तादानं एका जवानाले नळीत धूळ दिसली म्हणून अख्खं मैदान रायफल डोक्यावर धरून पळवलतं. तो जवान मीच होतो."

मला घासायला सांगावं लागत नाही. माझ्या घरची पितळी भांडी पाहून शेजारणी विचारतात काय लावतेस म्हणून. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी मी ती नळी दीड तास घासली. शेवटच्या पाच चिंद्या जशा आत गेल्या तशाच बाहेर आल्या. सुभेदारांनी नळी डोळ्याला लावली, पाहिली, आणि म्हणाले, "शाबास! आरसा हाय, आरसा."

काका शेडच्या कोपऱ्यात कार्डांना दोरा बांधत बसले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, थोडं कमी घासलं असतं तरी चाललं असतं."

"काहून?" सुभेदार वळले.

"नाही, आपलं एक निरीक्षण आहे."

"निरीक्षण तुमच्या कागदावर राहू द्या काका. हत्यार हत्यार असते."

तो विषय तिथंच संपला.

स्पर्धेत तीन गोळ्या चाचणीच्या होत्या, नंतर गुण धरायच्या वीस गोळ्या. चाचणीच्या तिन्ही गोळ्या माझ्या एकाच जागी गेल्या, पण उजवीकडं वर. घड्याळात दोन वाजतात तिथं, आठच्या वर्तुळात. शिकवलं होतं तसं मी केलं. रायफलवर नेम धरायची जी दुर्बीणवजा साइट असते तिचे स्क्रू टकटक फिरवले, म्हणजे गोळ्या डावीकडं खाली येतील. गुणांची पहिली गोळी बरोबर दहात. दुसरी नऊ. मला वाटलं, आज काही खरं नाही बाकीच्यांचं.

तिसरी डावीकडं सरकली. चौथी आणखी खाली. सहावी थेट आठला, पण या वेळी उलट्या बाजूनं. सुभेदारांनी बजावलेलं होतं, एकदा गुणांच्या गोळ्या सुरू झाल्या की स्क्रूला हात लावायचा नाही. मी लावला नाही. माझाच श्वास चुकतोय, माझाच हात ओढतोय असं समजून मी मनानंच थोडं उजवीकडं नेम धरायला लागले. मग काही गोळ्या उजवीकडं गेल्या, काही डावीकडं, एक तर खाली पाचात. बांगडीसारखा गोल तयार झाला कार्डावर, मधे ती पहिली एकटीच. वीस संपल्या तेव्हा माझ्या कपाळाचा घाम चटईवर पडत होता.

शेवटून दुसरी आले. शेवटची जी मुलगी होती तिला ताप होता.

परतीच्या वाटेवर दारव्हा मागं गेल्यावर सुभेदार म्हणाले, "बाई, तुम्ही डोळा मिटून राह्यलत्या घोडा दाबताना." मी म्हटलं, "मामा, मी डोळा नाही मिटला." "मिटला असन. समजत नाही आपल्याले." गाडी चालवणारे काका काचेतून पुढं पाहत राहिले. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, रविवारी जरा लवकर या. मला तुम्हाला काहीतरी दाखवायचं आहे."

रविवारी शेडमधल्या टेबलावर काकांनी कार्डं मांडून ठेवली होती. त्यांना जुनी सवय, क्लबात झाडलेलं एकही कार्ड ते फेकत नाहीत. प्रत्येकावर तारीख, कोण झाडतंय, आणि एका कोपऱ्यात छोटंसं 'घा' किंवा 'न'. 'घा' म्हणजे घासलेली नळी, 'न' म्हणजे न घासलेली, आधीच्यानं झाडून तशीच पुढच्याच्या हातात दिलेली. 'घा'वाल्या प्रत्येक कार्डावर सुरुवातीच्या चार-पाच गोळ्या उजवीकडं वर, दोनच्या दिशेला. कार्ड कुणाचंही असो, माझं, एका पेट्रोलपंपवाल्याचं, खुद्द सुभेदारांचं.

"चार वर्षं मी हे पाहतोय," काका शेजारी उभ्या सुभेदारांना म्हणाले. "मॅडमचा डोळा नाही मिटला. मॅडमनी साइट घासलेल्या नळीवर जुळवली, आणि नळी चार गोळ्यांनी जुनी झाली. गोळ्या आपल्या मूळ जागी आल्या, साइट मात्र तिकडंच राहिली."

मी ती कार्डं पाहतच राहिले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाप्पा! हा तं तवा झाला." दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं, "तवा राखेनं लख्ख घासला की पयलं धिरडं चिकटतेच. दुसरं अर्धं निघते. तिसऱ्यापासून तेल मुरते अन् मग सरसर सुटतात."

काकांनी टेबलावर थाप मारली. "अगदी हेच! या गोळीला बाहेरून मेणासारखं वंगण असतं. पहिल्या गोळ्या ते नळीला आतून माखतात. माखेपर्यंत गोळी एका तऱ्हेनं जाते, माखल्यावर दुसऱ्या. म्हणून माझं म्हणणं, ही नळी घासूच नये. कधीच."

"कधीच?" सुभेदारांचा आवाज चढला. "काका, हत्यार हाय ते, लोणच्याची बरणी नाही, का जितकं मुरन तितकं चांगलं!"

अर्धा तास वाद झाला. शेवटी मीच शाळेतल्यासारखं दोघांना थांबवलं आणि म्हटलं, "करून पाहू ना. आजपासून घासायचीच नाही. मीच झाडते दर रविवारी, एकाच जागेवरून, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून. काका मोजतील. जे होईल ते होईल."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ठीक हाय. पण बाहेरून तं पुसू द्यान?"

बाहेरून पुसायची परवानगी मिळाली.

पुढचे आठवडे फार मजेचे गेले. सुरुवातीला काका जिंकत होते. न घासलेल्या नळीतून पाच गोळ्या एका बांगडीच्या आत, पुढच्या रविवारी त्याहून जवळ, एकदा तर चार गोळ्या एका भोकात जाऊन पाकळ्यांसारखं फाटलेलं भोक तयार झालं. काकांनी ते कार्ड आपल्या पाकिटात ठेवलं आणि आल्यागेल्याला दाखवलं. सुभेदार तिकडं पाहायचे नाहीत. झाडणं संपलं की त्यांचा हात आपोआप दोरीच्या डब्याकडं जायचा, मग मधेच आठवण व्हायची आणि ते हात पाठीमागं बांधून शेडच्या दारात उभे राहायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, खरं सांगतो, मले झोप लागून नाही राह्यली. ती तिकडं कपाटात तशीच काळी पडून असते अन् मी इकडं आंघोळ करून झोपतो."

होळी होऊन गेली. पळस फुलून झडले. त्या सुमाराला एका रविवारी पाचातली एक गोळी उगीचच भरकटली. काका म्हणाले, वारा. वारा नव्हता. पुढच्या रविवारी दोन भरकटल्या. काका म्हणाले, काडतुसांचा डबा बदलला. तो बदलला नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी बांगडीत मावणाऱ्या गोळ्या ताटलीत मावेनात. काकांनी माझ्या चष्म्याकडं बोट दाखवलं.

"काका," सुभेदार गोड आवाजात म्हणाले, "बाईचा चष्मा खराब असन तं तुम्ही झाडा. तुमचा डोळा तं कचेरीचा हाय."

काका झाडायला झोपले. पोट आड येत होतं, तरी झोपले. पाच गोळ्या झाडल्या, उठून कार्डापर्यंत स्वतः चालत गेले, कार्ड काढून घेतलं आणि परत येताना वाटेत दोनदा थांबून त्याकडं पाहिलं. दोन गोळ्या सातात होत्या, एक सहात, आणि तिघींच्या तीन दिशा. खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसला.

"सुभेदारसाहेब," ते म्हणाले, "चिंदी काढा."

एवढ्या दिवसांत सुभेदारांना मी असं हसताना पाहिलं नव्हतं. पण त्यांनी एकही टोमणा मारला नाही, हे मला विशेष वाटलं. शांतपणे डबा उघडला, दोरी सोडली, ओढली. पहिली चिंदी डांबरासारखी काळी आली आणि त्या काळ्यात शिशाचे बारीक कण चमकत होते. त्यांनी ती काकांच्या पुढ्यात तळहातावर धरली. "हे पाहा. हे जमलं का गोळीले रस्ता भेटत नाही." तासभर ते घासत होते आणि घासता घासता लग्नातलं काहीतरी गुणगुणत होते. नळी लख्ख झाली. मग मी झाडायला लागले. पहिल्या पाच गोळ्या दोनच्या दिशेला. सहावीपासून आत. आठवीपासून पुन्हा बांगडीत.

दोघंही बरोबर होते आणि दोघंही चुकले होते. त्या दिवशी काकांनी आपल्या वळणदार अक्षरात एक कागद लिहून शेडच्या भिंतीला चिकटवला: महिन्यातून एकदा नळी पूर्ण घासावी, घासल्यावर दहा गोळ्या मोकळ्या झाडाव्यात, त्यानंतरच साइट जुळवावी, स्पर्धेच्या आधी घासू नये. सुभेदारांनी खाली सही केली, हुद्द्यासकट.

मे महिन्यात यवतमाळला पुन्हा स्पर्धा आली, उन्हामुळं सकाळी लवकर ठेवलेली. तयारी कागदाप्रमाणं झाली होती. नळी मुरलेली, साइट जुळलेली. काकांनी परवाना आणि कागदपत्रं शर्टाच्या आतल्या खिशात घेतली, सुभेदार रायफलची पेटी मांडीवर घेऊन मागं बसले, मी पुढं. गाडी दारव्ह्याच्या अलीकडं आली तेव्हा मागून आवाज आला.

"काका, गाडी जरा बाजूले घ्या."

काकांनी घेतली. त्यांना वाटलं सुभेदारांना मळमळतंय.

"माझ्याकडून एक चूक झाली," सुभेदार खाली पाहत म्हणाले. "पहाटे काका कागदं शोधून राह्यलते, अन् मी शेडमंधी एकटा होतो. पेटी उघडली. म्हटलं नुसतं बाहेरून पुसतो. मंग दोरी कधी हातात आली मले समजलं नाही."

"म्हणजे?" काका म्हणाले.

"आरसा हाय."

काकांनी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं. "अहो सुभेदारसाहेब! आपण भिंतीवर लिहून लावलं होतं! तुमची सही आहे त्यावर!"

"डोळ्यानं वाचलं होतं काका. हातानं कुठं वाचलं?"

मला रागच यायला पाहिजे होता. पण तो उंच माणूस मागच्या सीटवर पेटीला धरून असा बसला होता, जसा माझ्या वर्गातला एखादा शाई सांडून बसतो. मला हसू फुटलं. काकांनी डोकं वर केलं आणि तेही हसायला लागले. रस्त्यानं जाणाऱ्या एसटीतली माणसं वाकून आमच्याकडं बघत गेली.

"मले नाव काढून घेऊ द्या तुमचं," सुभेदार म्हणाले. "माझ्या चुकीनं तुमची हशी होईन."

"नाही मामा," मी म्हटलं. "मागच्या खेपेस मले माहीत नव्हतं ही काय करते. आता माहीत हाय ना."

मैदानावर चाचणीच्या तीनच गोळ्या होत्या, पहिल्यासारख्या. मी झाडल्या. तिन्ही दोनच्या दिशेला, आठात. मागं उभे असलेले पंच भले माणूस होते. ते वाकून म्हणाले, "ताई, सगळ्या उजवीकडं वर जात आहेत. साइट फिरवून घ्या, अजून वेळ आहे." बोट स्क्रूपर्यंत गेलं होतं माझं. खरं सांगते, घोडा दाबण्यापेक्षा ते बोट मागं घेणं अवघड होतं. समोर दिसतंय ते खोटं नाही, पण ते टिकणार नाही, एवढाच भरवसा धरून मी म्हटलं, "राहू द्या सर."

पहिली आठ. मागं पंच चुकचुकले ते मला न पाहता कळलं. दुसरी पुन्हा आठ, पण रेषेच्या जवळ. तिसरी नऊ. चौथीला मी मुद्दाम थांबले, श्वास नीट घेतला, पापण्या मिटून उघडल्या. दहा. पाचवी नऊ. आणि तिथून पुढं नळी माखली गेली. मला ते कार्डावर दिसायच्या आधी खांद्यात समजल्यासारखं वाटलं, पण ते माझ्या मनाचंही असेल. पुढच्या पंधरांत फक्त दोनदा गोळी नऊच्या बाहेर गेली. उठले तेव्हा कोपरांना चटईचे वळ होते आणि मागं पंच म्हणत होते, "ताई, तुम्हाला आधीच माहीत होतं की काय?"

मी दुसरी आले. पहिली आली ती वणीकडची एक कॉलेजची मुलगी, माझ्यापेक्षा दोन गुणांनी पुढं. तिनं येऊन माझ्या पायांना हात लावला तेव्हा मला एकदम आपलं वय आठवलं.

सुभेदारांनी मात्र मांडवाच्या सावलीत बसून माझ्या कार्डावरच्या पहिल्या दोन गोळ्यांकडं बोट दाखवलं. "या दोन माझ्या. मी घासली नसती तं तुम्ही आज पयल्या असत्या."

काका त्यांच्या शेजारी बसले. "सुभेदारसाहेब, न घासता आपण आलो असतो तर मॅडम जिंकल्याही असत्या कदाचित. पण मग त्या मागच्या वेळेपेक्षा हुशार झाल्या आहेत हे आपल्याला कसं कळलं असतं?" मग म्हणाले, "तरी पुढच्या वेळी पेटीची किल्ली माझ्याकडं राहील."

दारव्ह्याला आम्ही समोसा आणि तर्री खाल्ली. सुभेदारांनी आग्रहानं माझ्या ताटलीत दोन वेळा तर्री वाढायला लावली. तर्रीनं डोळ्यांतून पाणी काढलं, तिघांच्याही.

तांड्यात पोचले तेव्हा उन्हं उतरत होती. मुलगी काय झालं ते विचारायला दारातच उभी होती. "याडी, कांई वेगो?"

"दुसरी आली," मी म्हटलं.

ती धावत आत गेली आणि बापाला ओरडून सांगू लागली. नवरा गोठ्यातून हात पुसत आला. म्हणाला, "तू बस. आज च्या मी मांडतो." त्यानं केलेला चहा इतका गोड होता की मुलीनं आपल्या कपात वरून पाणी ओतून घेतलं. मी तसाच प्याले, ओसरीवर पाय लांब करून, आणि संध्याकाळी बायका प्रमाणपत्र बघायला यायला लागल्या तेव्हा हात धुऊन त्यांच्यासाठी पुन्हा चहा ठेवला.